प्रयुक्त

प्रॅक्टिकलला दोघं लागतात, बाई म्हणायच्या,
एक विचारणारा, एक ज्याला विचारायचं तो.
सायकॉलॉजीला पोरं असायची सात, कधी नऊ,
एका वर्षी पाच.
जोडी जमायची नाही, मग हाक यायची:
लिंबाजी, हातातलं ठेव. ये, बस.

मी झाडू दाराआड उभा करायचो.
जर्नलात पूर्ण नाव लिहायचं नसतं.
प्रयुक्त : लिं. पु.
वय : सव्वीस. शिक्षण : नववी नापास.
मनःस्थिती : ठीक.
एकतीस वर्षं माझी मनःस्थिती ठीक होती,
बाप गेला त्या आठवड्यातसुद्धा.
रकानाच तेवढा होता.

लाल दिवा लागला की बटण दाबायचं.
दुपारी सेलूची लाइट जायची,
मग चौसाळकरबाई स्वतःच ओरडायच्या, लाल!
बाहेर जिंतूर रोडवरचे रिक्षावाले थबकून बघायचे.

आरशात बघून चांदणीच्या कडेकडेनं पेन्सिल फिरवायची,
हात म्हणतो उजवीकडं, आरसा म्हणतो डावीकडं.
पहिल्या खेपेला एकोणचाळीस चुका.
चार-पाच वर्षांनी एकही नाही.
बाई हसल्या. तू बिघडलास रे,
शिकलेला माणूस आम्हाला चालत नाही.
त्या कॉलेजात हे वाक्य
दुसऱ्या कुणी कुणाला म्हटलं नसेल.

आणि ती बिनअर्थाची अक्षरं.
झुप. गिच. तफ. रोंब. नेळ.
आईची एक ओवी मला आता धड येत नाही,
पण ही दिवेलागणीला आपसूक येतात,
गुरं दावणीला येतात तशी,
कुणी हाकललेली नसताना.

बाईंनी पुस्तकं दोन लिहिली.
एक गुलाबी, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं.
ते औंढ्यापासून गंगाखेडपर्यंत खपलं,
त्याच्यावर त्यांच्या घराला स्लॅब पडला.
दुसरं विसरण्यावर.
तीनशे प्रती, परभणीत छापलेल्या.
गठ्ठे लॅबच्या कपाटावर,
मी डांबराच्या गोळ्या टाकून राखले.
विसरायला लोकांना पुस्तक कशाला लागतं, लिंबाजी,
एवढंच बोलल्या एकदा,
आणि पुन्हा पेपर तपासायला लागल्या.

एक लेख मात्र इंग्रजीत होता.
त्याच्यासाठी बेलग्रेडहून कार्ड आलं,
तिकडच्या कुणा मानसशास्त्राच्या प्रोफेसरांचं:
आपल्या लेखाची एक प्रत मिळेल काय?
बाईंनी ते कार्ड तीन दिवस पर्समध्ये वागवलं,
प्राचार्यांना दाखवलं नाही. मला दाखवलं.
पाकीट घेऊन पोस्टात मीच गेलो.
युगोस्लाव्हिया, असं मास्तरांनी दोनदा वाचलं
आणि तिकिटाचा दर बघायला जाडजूड बुक काढलं.

त्या लेखात मी होतो.
पान चार, तक्ता दुसरा, नुसता एक एल :
आठवड्यानंतर दहापैकी नऊ.
त्या परमुलखात कुणी दिव्याखाली बसून
माझी नऊ अक्षरं वाचली असतील
आणि दहाव्याबद्दल विचार केला असेल.

पुढं तो देशच मोडला म्हणे.
स्टाफरूममध्ये पेपर उघडा ठेवून बाईंनी विचारलं,
पाकीट आधी पोचलं असेल ना रे?
उत्तर कधी आलं नव्हतं.
असेल की, म्हणालो मी.

विषय बंद पडला तेव्हा पोर एकच होतं,
तेही पाथरीला निघून गेलं.
आरसा, लाल दिव्याची पेटी, अक्षरं फिरवणारा डबा
भंगारात गेला, किलोवर.
स्टॉपवॉच बाईंनी पैसे भरून पावतीसह घेतलं.

परवा गेलो होतो. गुडघे धरून बसल्या होत्या.
चहा झाला. मग एकदम: लाल!
मी मांडीवर हात मारला.
त्यांनी चष्मा वर करून आकडा बघितला,
कॅलेंडरच्या पाठीमागं लिहिला,
वय विचारलं, तेही लिहिलं.
मग पेन थांबलं.
मनःस्थिती?

ठीक लिहा की, म्हणणार होतो.
पण त्या वाट बघत होत्या,
आणि कितीही वेळ चालणार होता.